चित्रेच्या वाटेने : वसंतातील आकाशदर्शनाचा महाराष्ट्रातील इतिहास

माघ, फाल्गुन, चैत्र आणि वैशाख या चार चांद्रमासांची नावे मघा, फल्गुनी, चित्रा आणि विशाखा या नक्षत्रांवरून पडली आहेत, आणि ही चारही नक्षत्रे वसंत ऋतूच्या रात्री पूर्व क्षितिजावरून एकामागून एक वर चढताना दिसतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असल्यामुळे सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि रात्रभर दिसतो. त्या रात्री तो ज्या नक्षत्रात किंवा ज्याच्या आसपास असतो, त्याचे नाव त्या महिन्याला मिळाले. होळीच्या रात्री चंद्र सिंह राशीच्या शेपटाकडील पूर्वा किंवा उत्तरा फल्गुनीजवळ असतो आणि चैत्री पौर्णिमेला तो चित्रेजवळ येतो. अधिक मासामुळे आणि चंद्राच्या असमान गतीमुळे एखाद्या वर्षी तो एक नक्षत्र अलीकडे किंवा पलीकडे सरकतो, परंतु सर्वसाधारण नियम आजही उघड्या डोळ्यांनी पडताळून पाहता येतो. महिन्याचे नाव आकाशात वाचता येत असतानाही महाराष्ट्रात पंचांग घरोघरी पोहोचले आणि तारे मात्र बहुतेकांना अनोळखी राहिले. हे कसे घडले आणि ताऱ्यांची ओळख पुन्हा कशी करून देण्यात आली, हा इतिहास वसंतातील आकाशाशी फार जवळून जोडलेला आहे.

तारे ओळखायला शिकवण्याची जी सर्वांत जुनी आणि आजही चालू असलेली रीत आहे, ती विवाहविधीत जपली गेली. आश्वलायन गृह्यसूत्रात विवाहानंतर वधूने ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहावेत असे सांगितले आहे. सप्तर्षींतील शेपटाकडून दुसरा तारा वसिष्ठ हा असून त्याला अगदी खेटून दिसणारा मंद तारा अरुंधती होय. या दोघांमधील अंतर सुमारे १२ कला, म्हणजे अंशाचा पाचवा हिस्सा आहे. चंद्रबिंबाच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाहून ते थोडेच अधिक भरते. एवढा मंद तारा नवख्या माणसाला एकदम दाखवता येत नाही, म्हणून दाखवणारा आधी जवळचा ठळक तारा दाखवतो, पाहणाऱ्याची नजर तिथे स्थिरावली की ‘हा नव्हे, याच्या शेजारचा’ असे सांगून खरी अरुंधती दाखवतो. या रीतीला संस्कृत शास्त्रचर्चेत ‘स्थूलारुंधती न्याय’ हे नाव मिळाले, आणि ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी स्थूलाकडून सूक्ष्माकडे नेणाऱ्या उपदेशाचे उदाहरण म्हणून तिचा उपयोग केला. तत्त्वचर्चेत हा दृष्टांत इतका रुळला, याचा अर्थ तो रचला गेला तेव्हा प्रत्यक्ष तारा दाखवण्याची ही कृती श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाची असली पाहिजे.

महाराष्ट्रातील लग्नसराईचा मोठा भाग वैशाख-ज्येष्ठात येतो आणि नेमक्या याच काळात रात्रीच्या पहिल्या प्रहरात सप्तर्षी उत्तरेकडे सर्वांत उंच असतात. त्यामुळे अरुंधतीदर्शनाला ऋतूही अनुकूल पडतो. त्याच विधीतील ध्रुवदर्शनाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २५,८०० वर्षांत एक संथ फेरा पूर्ण करतो. या गतीला परांचन म्हणतात, आणि तिच्यामुळे खगोलीय ध्रुव, म्हणजे ज्या बिंदूभोवती सारे तारे फिरताना दिसतात तो बिंदू, ताऱ्यांमधून सरकत जातो. आज ज्याला ध्रुव म्हणतात तो तारा या बिंदूपासून एका अंशाहूनही कमी अंतरावर आहे, परंतु गृह्यसूत्रांच्या काळी तो दहा अंशांहून अधिक दूर होता आणि त्यामुळे तोही इतर ताऱ्यांप्रमाणे फिरताना दिसे. तारा बदलला तरी विधी टिकला. पुण्याहून पाहिल्यास आजचा ध्रुव उत्तर क्षितिजावर सुमारे साडेअठरा अंश उंच दिसतो, कारण ध्रुवाची उंची त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. एवढ्या खालच्या ताऱ्यासमोर मंगल कार्यालयाची भिंत सहज येत असल्याने आता बहुतेक ठिकाणी गुरुजी केवळ दिशा दाखवतात आणि वधूवर त्या दिशेला नमस्कार करतात.

विधीबाहेरच्या लोकपरंपरेत सप्तर्षींची ओळख वेगळ्या रूपाने टिकली. पूर्व महाराष्ट्रातील गोंड गावांमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हळकरे यांनी जे आकाशज्ञान नोंदवले, त्यात सप्तर्षींच्या चौकोनाला खाट आणि शेपटाच्या तीन ताऱ्यांना ती खाट पळवू पाहणारे चोर मानले आहे. पुस्तक किंवा नकाशा हाताशी नसताना सात ताऱ्यांची मांडणी पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवण्याचे काम ही गोष्ट पुरेपूर करते.

पंचांगाचा मार्ग मात्र पाहण्यापासून दूर गेला, आणि तो दूर नेण्यात ज्या ग्रंथाचा वाटा मोठा आहे, त्याचा उगम प्रत्यक्ष निरीक्षणातच होता, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मुरूड-जंजिऱ्याजवळील नांदगावचे केशव दैवज्ञ हे पंधराव्या शतकाच्या अखेरीचे ज्योतिषी स्वतः वेध घेत. वेध म्हणजे ग्रहताऱ्यांचे स्थान उपकरणाने किंवा डोळ्यांनी मोजणे. जुन्या ग्रंथांतून काढलेली ग्रहस्थाने आकाशाशी कोठे जुळतात आणि कोठे चुकतात, याची नोंद त्यांनी केली. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ म्हणजे इ.स. १५२० या आरंभवर्षापासून मांडलेला ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ त्या निरीक्षणांच्या आधारावर उभा राहिला. मोठमोठे गुणाकार टाळून आणि ज्या, म्हणजे कोनांची त्रिकोणमितीय कोष्टके, पूर्णपणे वगळून ग्रहांची स्थाने काढण्याची सोपी पद्धत त्यात दिलेली असल्यामुळे तो महाराष्ट्रात, गुजरातेत आणि कर्नाटकाच्या मोठ्या भागात शतकानुशतके पंचांगकर्त्यांच्या रोजच्या वापरात राहिला. पद्धत इतकी सोयीची झाली की तिच्या आधाराने पंचांग करणाऱ्याला रात्री अंगणात येऊन ग्रह पाहण्याचे कारण उरले नाही. केशवांनी ज्या चुका नजरेने शोधल्या होत्या, तशाच नव्या चुका तीन शतकांत ग्रहलाघवाच्या गणितातही साठत गेल्या, आणि त्या दाखवून देण्यासाठी पुन्हा आकाशाकडे पाहणारी माणसे यावी लागली.

ती एकोणिसाव्या शतकात आली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केले. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेल्या या वेधशाळेत त्यांना युरोपीय उपकरणांचा परिचय झाला, आणि १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे आबासाहेब पटवर्धन यांच्या साह्याने या नव्या गणितावर आधारलेले पटवर्धनी पंचांग निघू लागले. ग्रहण किंवा ग्रहांची युती पंचांगात सांगितलेल्या वेळी दिसते की नाही, ही परीक्षा यामुळे कोणालाही घेता येऊ लागली. जुने आणि नवे पंचांग शेजारी ठेवून आकाशाला साक्षी करता येत होते. डेक्कन कॉलेजात छत्रे यांच्याकडे गणित शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी बाळ गंगाधर टिळक हे एक होते.

परंतु सामान्य वाचकाला ताऱ्यांकडे नेण्याचे काम छत्रे यांच्या कोष्टकांनी होणारे नव्हते. ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी केले. दीक्षितांचा जन्म १८५३ साली दापोलीजवळच्या मुरूडचा. केशव आणि गणेश यांचे नांदगाव ज्या मुरूडजवळ आहे ते मुरूड वेगळे, तरीही महाराष्ट्रातील ज्योतिर्गणिताची दोन मोठी पर्वे कोकणच्या या एकाच किनारपट्टीवर उगम पावली. शिक्षकाची नोकरी सांभाळून दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा ग्रंथ लिहिला, तो १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि विसाव्या शतकात त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. त्याच्या आधी काही वर्षे त्यांनी ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे पुस्तक लिहिले होते. घटका म्हणजे २४ मिनिटे, म्हणून दोन घटकांचे एक मुहूर्त, जेमतेम पाऊण तास होतो. जेवण झाल्यावर तेवढा वेळ आकाशाकडे पाहण्यासाठी काढा, एवढीच मागणी या नावात आहे. इतिहासाचा ग्रंथ दीक्षितांच्या कीर्तीचा आधार ठरला असला, तरी मराठी वाचकाला मराठी भाषेत आकाश दाखवण्याची इच्छा ज्योतिर्विलासात अधिक मोकळेपणाने दिसते, आणि या दृष्टीने ते पुस्तक त्यांच्या मोठ्या ग्रंथाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

दीक्षितांचा सर्वांत गाजलेला निष्कर्षही पाहण्यातून पडताळता येण्यासारखा आहे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे मात्र ढळतात, असे विधान आहे. जो तारा विषुववृत्तावर, म्हणजे दोन्ही खगोलीय ध्रुवांपासून सारख्याच अंतरावर असलेल्या वर्तुळावर असतो, तोच नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो. आज कृत्तिका विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २४ अंशांवर आहेत. परांचनाचे गणित उलटे करत मागे गेल्यास त्या विषुववृत्तावर इ.स.पूर्व ३००० च्या सुमारास येतात, आणि शतपथातील विधान त्या काळच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले असले पाहिजे, असे दीक्षितांनी मांडले. या निष्कर्षावर पुढे मतभेद झाले. वाक्याचा अर्थ इतका काटेकोर घ्यावा का, आणि ते वाक्य ज्या ग्रंथात आहे त्या ग्रंथाचा काळ त्यावरून ठरवावा का, असे आक्षेप घेतले गेले, आणि ते अगदीच निराधार नाहीत. परंतु दीक्षितांच्या युक्तिवादाचा खगोलीय भाग निर्विवाद आहे आणि चैत्रातील निरभ्र संध्याकाळी त्याची प्रचिती घेता येते. एप्रिलच्या मध्यास रात्री नऊ-सव्वानऊच्या सुमारास महाराष्ट्रातून पाहिल्यास कृत्तिकांचा पुंजका नेमक्या पश्चिमेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे मावळतो. त्यानंतर तासाभराने मृग नक्षत्र मावळू लागते, आणि मृगाच्या पोटातील बाण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत आधी क्षितिजाला टेकणारा तारा जवळजवळ अचूक पश्चिमेला मावळतो. कृत्तिकांनी पाच हजार वर्षांपूर्वी जे स्थान धरले होते ते आज या ताऱ्याकडे आहे. घराच्या गच्चीवरून, कोणत्याही दुर्बिणीशिवाय, एका संध्याकाळी इतक्या लांबच्या कालखंडाचे मोजमाप समजावे, ही सोय वसंतातील आकाश देते.

मृगाचाच आधार घेऊन टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वसंतसंपात, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो तो बिंदू, वैदिक सूक्तांच्या काळी मृगात होता आणि म्हणून त्या सूक्तांचा काळ इ.स.पूर्व ४००० च्या आसपासचा असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. जर्मनीत बॉन येथे हर्मान याकोबी हेही त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, अशाच प्रकारच्या निष्कर्षाला पोहोचले. वेदकाळाविषयीचे हे अनुमान आज इतिहासकार जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. तथापि संपात ताऱ्यांमधून मागे सरकत जातो ही कल्पना पंचांगकर्त्यांच्या बैठकीतून उचलून सुशिक्षित वर्गाच्या चर्चेत आणण्याचे श्रेय दीक्षित आणि टिळक या दोघांना द्यावे लागते.

ही चर्चा पुढे पंचांगाच्या आरंभबिंदूवर येऊन ठेपली आणि तेथे चित्रा पुन्हा केंद्रस्थानी आली. नक्षत्रचक्राची मोजणी कोठून सुरू करावी हा प्रश्न होता. छत्रे आणि त्यांच्यामागून टिळक यांनी रेवती नक्षत्रातील एका ताऱ्यापासून आरंभ धरला. हा मीन राशीतील तारा क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या, अगदी जवळ आहे, पण पाचव्या प्रतीचा असल्याने निरभ्र आणि अंधाऱ्या आकाशातही तो शोधून काढावा लागतो. दुसऱ्या पक्षाने, ज्याचे प्रमुख पुरस्कर्ते व्यंकटेश बापूजी केतकर हे होते, चित्रेच्या बरोबर समोरचा, १८० अंशांवरचा बिंदू आरंभ मानला. चित्रा ही पहिल्या प्रतीची, एकटी चमकणारी, शहराच्या उजेडातही ओळखू येणारी तारका आहे. चैत्रात सूर्य मीन-मेष राशींच्या भागात असल्यामुळे रेवतीचा तारा त्याच्या तेजात बुडालेला असतो, आणि त्याच वेळी चित्रा रात्रभर आकाशात असते. म्हणजे वर्षारंभाच्या महिन्यात एका पक्षाचा आधार दिसत नाही आणि दुसऱ्याचा डोळ्यांसमोर असतो. आरंभबिंदूचा आधार प्रत्यक्ष पाहता यावा अशी अपेक्षा धरली, तर चित्रापक्षाची बाजू अधिक भक्कम ठरते. दोन्ही आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचा फरक असल्याने संक्रांतीच्या दिवसांत फरक पडतो, त्यामुळे काही वर्षी अधिक मास वेगळा येतो, आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत अशा वर्षी सण इतरांपेक्षा निराळ्या वेळी येतात.

१९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारच्या पुढाकाराने नेमलेल्या दिनदर्शिका सुधारणा समितीने हा प्रश्न देशपातळीवर हाताळला. समितीने नक्षत्रगणनेसाठी स्वीकारलेले मूल्य चित्रापक्षाला अनुसरणारे होते. २१ मार्च १९५६ रोजी संपात आणि नक्षत्रचक्राचा आरंभ यांतील अंतर, म्हणजे अयनांश, २३ अंश १५ कला इतके धरण्यात आले, आणि राष्ट्रीय सौर दिनदर्शिका २२ मार्च १९५७ रोजी, चैत्र १, शके १८७९ या दिवशी अमलात आली. महाराष्ट्रातील बहुतेक छापील पंचांगेही आज चित्रापक्षाचीच आहेत.

पंचांगाचा वाद मिटण्याआधीच आकाशदर्शन त्या वादापासून वेगळे होऊन स्वतःच्या पायावर उभे राहू लागले होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथे २० इंची परावर्तक दुर्बीण, म्हणजे आरशाने प्रकाश एकवटणारी दुर्बीण, वापरून वर्णपटांचा अभ्यास केला आणि २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला. १९१२ साली ही वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. १९२८ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने विज्ञान मराठीतून वाचकांपर्यंत नेले. त्याच्या संस्थापकांपैकी गोपाळ रामचंद्र परांजपे यांनी पुढे ‘आकाशदर्शन अॅटलास’ तयार करून मराठी वाचकाच्या हाती ताऱ्यांचे नकाशे दिले. १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, आणि हौशी निरीक्षकांच्या भारतातील सर्वांत जुन्या संस्थांत तिची गणना होते. १९५४ साली न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारांगण सुरू झाले आणि ढगाळ किंवा उजळ आकाशाखालीही नक्षत्रे शिकवण्याची सोय झाली. १९८५-८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मुंबईत खगोल मंडळासारख्या संस्था उभ्या राहिल्या. कर्जतच्या रेल्वेमार्गावरील वांगणी येथे त्यांनी चालवलेले रात्रभराचे आकाशदर्शन अनेकांसाठी ताऱ्यांची पहिली ओळख ठरले. पावसाळ्याचे चार महिने महाराष्ट्रात आकाश झाकलेले असते, त्यामुळे दिवाळीनंतर सुरू होणारा हा हंगाम वसंतात शिगेला पोहोचतो आणि ज्येष्ठातील ढगांबरोबर संपतो.

या रात्रींत नवख्याला जो पाठ पहिल्यांदा दिला जातो, तो अरुंधती दाखवण्याच्या रीतीनेच चालतो. सप्तर्षींच्या चौकोनातील क्रतू आणि पुलह यांना जोडणारी रेषा वाढवून ध्रुव गाठायचा. मग अत्री, अंगिरा, वसिष्ठ आणि मरीची यांनी केलेला शेपटाचा बाक तसाच पुढे नेत प्रथम भूतप या तारकासमूहातील नारिंगी स्वातीला आणि तेथून निळसर पांढऱ्या चित्रेला पोहोचायचे. चित्रेच्या पश्चिमेला हस्त नक्षत्राचे पाच तारे हाताच्या पाच बोटांसारखे मांडलेले दिसतात, आणि चित्रेच्या उत्तर-पश्चिमेला सिंहाच्या शेपटापर्यंतची जागा उघड्या डोळ्यांना जवळजवळ रिकामी वाटते. दक्षिण क्षितिज मोकळे असेल तर मेच्या मध्यास रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास त्रिशंकू हा तारकासमूह अगदी खाली उभा दिसतो. युरोपच्या बहुतेक भागांतून तो क्षितिजावर येतच नाही. महाराष्ट्राचे दक्षिणेकडील अक्षांश ही येथील निरीक्षकाला मिळालेली मोठी देणगी आहे.

चित्रा आणि सिंहाचे शेपूट यांमधली रिकामी वाटणारी जागा दुर्बिणीतून पाहिल्यास कन्या राशीतील दीर्घिकांचा समूह दिसू लागतो. दीर्घिका म्हणजे आकाशगंगेसारखेच अब्जावधी ताऱ्यांचे स्वतंत्र विश्व. या समूहातील अशी विश्वे पृथ्वीपासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहेत. अठराव्या शतकातील फ्रेंच निरीक्षक शार्ल मेसिए यांच्या सूचीतील ११० वस्तूंपैकी १६ वस्तू या एकाच समूहातल्या आहेत, आणि मार्चअखेरीच्या अमावास्येच्या आसपास साऱ्या ११० वस्तू एका रात्रीत पाहण्याचा जो उपक्रम जगभरचे हौशी निरीक्षक करतात, त्यालाही महाराष्ट्राचा अक्षांश चांगला मानवतो. उपक्रमाची सुरुवात संध्याकाळच्या संधिप्रकाशात मीन राशीतील एका अंधुक दीर्घिकेपासून करावी लागते. ती रेवतीच्या ताऱ्यापासून फार दूर नाही आणि सूर्याच्या मागोमाग मावळत असल्याने अनेकदा हातातून निसटते. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत कन्या राशीतील समूह डोक्यावर आलेला असतो, आणि अनुभवी निरीक्षक तेथे शिकाऊला आधी ठळक दीर्घिका दाखवतात, नजर स्थिरावली की तिच्या शेजारची मंद दीर्घिका दाखवतात.